टेलिफोनवरची संथा

आमच्या संगणक केंद्राच्या दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग असायचा, की एकदा साताऱ्याकडच्या एक यात्रेकरू बाई देऊळ समजून आत शिरल्या. आत अंधार, गारवा, काचेमागे लुकलुकणारे हिरवे दिवे आणि खाली मान घालून बसलेली माणसं. बाईंनी काचेसमोर हात जोडले, चार आण्यांचं नाणं ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "हे कुठले महादेव, बाई?"

"सर्व्हरेश्वर," मी म्हटलं. "फार लवकर कोपतात."

बाईंनी पुन्हा एकदा हात जोडले. ते नाणं मी पुढे कित्येक वर्षं तिथून हलवलं नाही. त्या येऊन गेल्यावर आठवडाभर वीज गेली नव्हती. कशाला उगाच विषाची परीक्षा?

तर मी त्या देवळाची पुजारीण. कागदोपत्री पद विद्यापीठाच्या संगणक केंद्रातली सिस्टीम ऑपरेटर, गाव बनारस, काळ नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. आता माझ्याकडे फक्त सह्या करायचं काम आहे, त्यामुळे जुन्या गोष्टी रंगवून सांगायला भरपूर वेळ असतो. ऐकणारे कमी झालेत. म्हणून हे लिहिणं.

त्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर कॉपी. या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर. जगभरातली काही वेडी माणसं आपापल्या घरी बसून प्रोग्रॅम लिहीत होती आणि सरळ वाटून टाकत होती. नुसता चालणारा प्रोग्रॅम नव्हे, तो ज्या ओळींतून बनला त्या सगळ्या ओळीही, म्हणजे सोर्स कोड. तुम्ही वाचा, बदला, चूक सापडली तर दुरुस्ती आम्हालाही पाठवा. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. लिनक्स नावाची अख्खी यंत्रणा अशी ठिगळाठिगळानं शिवलेली. ती आमच्याकडे फ्लॉप्यांच्या उतरंडीतून यायची, आणि उतरंडीच्या तळाची एक फ्लॉपी हटकून खराब निघायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

लोकांना हे फुकटचं प्रकरण पटत नसे. दर्शनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. तोंडात कायम पान, त्यामुळे बोलताना हनुवटी आकाशाकडे.

"कितने का है?"

"मुफ्त, सर."

"चोरी का?"

"नहीं सर, बनानेवालों ने ही बाँटा है. अंदर का सब लिखा हुआ भी दे दिया है."

प्राध्यापक बाहेर जाऊन पान थुंकून आले. हनुवटी जागेवर आली, म्हणजे आता गंभीर चर्चा. "बनाया किसने?"

"दुनिया भर के लोगों ने. एक-दूसरे को पहचानते तक नहीं."

"और झगड़ा नहीं होता?"

"रोज होता है, सर."

"तब ठीक है," ते एकदम निर्धास्त होऊन म्हणाले. "तब असली माल है. दीजिए."

झगडे खरंच होते. कोड लिहायच्या दोन एडिटरांच्या भक्तांमध्ये मेलिंग लिस्टवर, म्हणजे सामायिक ईमेलवर, अशी जुंपायची, की शैव-वैष्णवांनी बसून बघत राहावं. आणि आनंदही होते. एका बड्या कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड उघडा करायचं ठरवलं अशी बातमी आली, त्या दिवशी मी केंद्रात पेढे वाटले. शिपायानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "बधाई हो मैडम. लड़का कि लड़की?"

"सोर्स कोड," मी म्हटलं.

"भगवान लंबी उमर दे," तो म्हणाला.

आता माझ्या स्वतःच्या लेकराकडे येते. आमच्या विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला कुणीतरी ब्रेलचा प्रिंटर भेट दिला होता. शाई नाही, कागदावर उठावाचे ठिपके ठोकणारा. अडचण एवढीच, की त्याला फक्त इंग्रजी यायचं. मी वर्षभर फावल्या वेळात घरी बसून त्याला देवनागरी शिकवलं. तुम्ही साधं मराठी-हिंदी टाइप करा, प्रोग्रॅम त्याचे ठिपके करणार, ओळी मोडणार, पानं पाडणार. तो मी कोडासकट नेटवर ठेवून दिला. कोडात अधूनमधून स्वतःसाठी टिपा लिहायची सवय होती, त्या मी मराठीत लिहायची, रोमन अक्षरांत. ब्राझीलमधला एक दंतवैद्य रविवारी अंधशाळेत शिकवायचा. त्यानं प्रिंटरशी बोलणारा भाग उचलला, त्यातली माझी एक चूक काढली, ठिगळ पाठवलं आणि खाली विचारलं, "बाकी सगळं समजलं. 'इथे हात लावू नये' म्हणजे काय?"

तोवर तो हात लावून बसला होता. आणि बरंच झालं.

मग एका शनिवारी दुपारी केंद्रात फोन आला. वऱ्हाडातल्या एका लहान गावातली अंधशाळा. बोलत होते देवराव सर, तिथले शिक्षक, स्वतः जन्मांध. त्यांच्या शाळेलाही तसाच प्रिंटर मिळाला होता, आणि माझा प्रोग्रॅम मीच त्यांना फ्लॉपीवर घालून पाठवला होता, कोडासकट आणि कोडातून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरसकट. पीठही दिलं, दाणेही दिले, जातंही दिलं. सर स्वतः टाइप करत, त्यांच्या पत्नी सुलभाताई पडद्यावरचं वाचून दाखवत.

"म्याडम," सर म्हणाले, "तुमचा प्रोग्राम ओळ खाऊन राहिला."

मला वाटलं दुपारच्या जेवणाची सुस्ती आहे. "काय खातोय?"

"पानाची शेवटची ओळ. प्रत्येक पानाची."

झालं होतं असं. त्यांच्याकडे चंदा नावाची सातवीतली मुलगी होती. तोवर शाळेत परीक्षेचे प्रश्न कुणीतरी वाचून दाखवायचं आणि मुलांनी लक्षात ठेवून ब्रेलमध्ये उत्तरं लिहायची. चंदा अडून बसली: मी माझा माझा वाचीन. म्हणून तिच्या एकटीसाठी पहिल्यांदा मशीनवर पेपर काढला. तिला फार कमी मार्क पडले. ती म्हणाली, चौथा प्रश्न नव्हताच. कुणी मानेना. सगळ्यांनी तिला खोटारडी ठरवलं. शेवटी सरांनी एका हाताखाली तिचा पेपर घेतला, सुलभाताईंनी मूळ कागद मोठ्यानं वाचला, आणि पोरगी खरं बोलत होती हे उघड झालं.

"हेडमास्तरांनी फेरपरीक्षा दिली," सर म्हणाले, "सोमवारी अकराला. पेपर नीट निघाला तर ती स्वतः वाचीन. नाही तर मशीन खोक्यात, अन् पोरीनं गुमान दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. मी म्हटलं, हातानं टोचून देतो पेपर. तर ते म्हणतात, मले ठिपके वाचता येत नाहीत. तुम्ही उत्तरं टोचून देलीत तर मले कसं समजणार? पडद्यावर मी पाहीन तेच मशीननं छापलं पाहिजे."

हेडमास्तर दुष्ट नव्हता. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पान पंचवीसऐवजी सव्वीस ओळींचं आहे असं मशीनला खोटं सांगूनही सरांनी पाहिलं होतं. मशीन दोन पानांमधल्या फाडायच्या रेघेवर ठोकत बसलं.

फोन ठेवून मी कोड उघडला. पान संपवायच्या भागापाशी माझीच टीप: "नाना जेवायला हाक मारताहेत. शेवटची ओळ उद्या." नाना म्हणजे माझे सासरे. तो उद्या उजाडलाच नव्हता. आमच्या प्रिंटरचा कागद लांब, खाली जागा उरायची, त्यामुळे मला कधी कळलं नाही. सरांचा कागद पंचवीस ओळींचा, काठोकाठ भरणारा. एका मुलीला लोक खोटारडी म्हणाले, कारण मी वरण गार होईल म्हणून उठले होते.

एक आकडा बदलून भागेना. तो सगळा भागच नव्यानं लिहिला. बावीस ओळी. संध्याकाळपर्यंत आमच्या मशीनवर आखूड कागद लावून तपासलं, चोख. आता या बावीस ओळी वऱ्हाडात पोचवायच्या कशा? फ्लॉपी टपालानं सहा दिवस घेणार. शाळेत ईमेल नाही, आणि असतं तरी आमच्या छपरावरची नेटची तबकडी माकडांनी फिरवून ठेवली होती. मी छापील कागद घेऊन तारघरात गेले. तारबाबूंनी कागद उभा धरला, आडवा धरला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मैडम, इसमें मरा कौन है?"

"कोई नहीं."

"तो इतना ब्रैकेट काहे?" आणि कागद परत केला.

राहिला टेलिफोन. रविवारी सकाळी नऊला दूधविनायकातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मुन्नाजींच्या एसटीडी बूथमध्ये मी उभी राहिले. लाइन अशी, की पलीकडे कुणीतरी पापड भाजतंय. मी एक ओळ सांगायची, सर परत म्हणायचे, त्यात दोन शब्द कमी. पुन्हा सांगायची, तर वेगळेच दोन कमी. तीनदा फोन लावला. सहा ओळी पोचल्या आणि त्यांतल्या किती खऱ्या, ते ना त्यांना ठाऊक ना मला. शेवटी सर म्हणाले, "म्याडम, तुम्ही रडू नका. तेही अर्धंच ऐकू येऊन राहिलं."

घरी आले. नाना ओसरीवर बसले होते. नाना घनपाठी वैदिक. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुर्गाघाटाजवळच्या वेदपाठशाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. मग विद्यार्थी कमी होत गेले, पाठशाळा मिटली, आणि नाना रोज सकाळी घाटाच्या पायरीवर बसून एकटेच म्हणू लागले. आवाज असा, की पलीकडच्या वाळूवरचा नावाडी मान वळवून बघायचा.

"काय गं वैदेही, चेहरा का असा?"

मी सगळं सांगितलं. चंदाचंही. "शब्द पोचत नाहीत, नाना. दहा पाठवले की सात पोचतात. कुठले तीन सांडले ते कळतच नाही."

"किती आहे?"

"बावीस ओळी."

"बस्? मग क्रमानं म्हण की."

इथे थोडं समजावून सांगते. वेद हजारो वर्षं कागदाशिवाय टिकवायचा, तर शब्द सांडू नये म्हणून जुन्या लोकांनी म्हणण्याच्या रीती काढल्या. क्रम म्हणजे जोड्या: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. प्रत्येक शब्द दोनदा येतो, एकदा मागच्याबरोबर, एकदा पुढच्याबरोबर. ओळ संपली की शेवटचा शब्द 'इति' लावून पुन्हा म्हणायचा, म्हणजे तो गळायची भीतीच नाही. ज्यांनी हे केलं त्यांना शेवटचा शब्द गळतो हे माहीत होतं; मी तर अख्खी ओळ घालवली. जटा आणि घन या आणखी गुंतागुंतीच्या रीती, पुढेमागे उलटसुलट विणलेल्या.

"मला कुठे येतो क्रम?" मी म्हटलं. "मी फक्त ऐकलाय."

"कुठून?"

"स्वयंपाकघरातून."

आमच्या घरी मुली-सुनांना वेदाची संथा नव्हती. संथा म्हणजे समोर बसवून तोंडी शिकवणं. नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पता आहे मला. तू पोळी उलटायची थांबायचीस. पानात करपलेली पोळी आली, की मी समजायचो आज जटा बरी झाली."

पंधरा वर्षं मला वाटत होतं, मी चोरून ऐकतेय.

नानांनी बसायचा पाट उचलून माझ्याकडे सरकवला आणि स्वतः जमिनीवर समोर बसले, हात मांडीवर ठेवून. "दे संथा."

"मी? तुम्हाला?"

"मग काय मी तुला? मला यातलं अक्षर तरी ठाऊक आहे का? बैस. एकदा तू म्हण, दोनदा मी म्हणतो."

"पण नाना, ही रीत असल्या कामाला... चालेल?"

"वेद थोडाच म्हणतोय? नुसती रीत. आणि ती पोरगी मागते तरी काय? स्वतःचं स्वतः वाचायचंय, एवढंच ना?" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मागितलं तर द्यावं माणसानं."

मी पाटावर बसले. मांडीवर छापील कागद उघडला.

मी कोडात नावंही मराठी वापरायची: ओळ, पान, शेवट. चिन्हांना आणि 'इफ'सारख्या शब्दांना सकाळी सरांशी ठरवलेलीच बोलायची नावं दिली: जर, लहान, अधिक, महिरप, कंस, कंसबंद, अर्धविराम. नाना दोनदा म्हणत गेले. मध्येच थांबून, "हा अर्धविराम दर वेळी का?"

"त्याच्याशिवाय मशीनला वाक्य संपलं हे कळत नाही."

"आमची आत्या अशीच होती. चल पुढं."

दहाव्या ओळीशी मी म्हटलं, "इथे वरच्यासारखंच."

"वरच्यासारखंच म्हणजे काय?" नाना कडाडले. "संथेत वरच्यासारखंच नसतं! पूर्ण सांग."

आणि तेव्हा मला उमगलं, सकाळी नुसती लाइन खराब नव्हती. मला अर्थ कळत होता, म्हणून मी गाळत होते. नानांना काहीच कळत नव्हतं, म्हणून ते काहीच सोडत नव्हते. दीड तासात बावीस ओळी त्यांना मुखोद्गत झाल्या. मी पोळ्या केल्या नाहीत. दोघांनी दही-पोहे खाल्ले आणि निघालो.

धोतर, उपरणं, कपाळावर भस्म अशा थाटात नाना बूथच्या काचेच्या कपाटात शिरले. शेजारी कागद धरून मी. दोघं आत म्हटल्यावर दार लागेना, त्यामुळे नाटकाचा पडदा उघडाच राहिला. मुन्नाजींनी नंबर फिरवला.

"हे कोण बोलून राहिले?" पलीकडून सर.

मी फोनमध्ये तोंड घातलं. "माझे सासरे. ते जोडीजोडीनं म्हणतील, सर. प्रत्येक शब्द दोनदा येईल, एकदा मागच्याला धरून, एकदा पुढच्याला धरून. जोडी तुटली की ओरडा."

सर म्हणाले, "समजलं. आमची पोरं रांगेत चालतात तसं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून."

हजारो वर्षांत क्रमपाठाची यापेक्षा चांगली व्याख्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. नानांनी ती ऐकली, मान हलवली, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"जर कंस – कंस ओळ – ओळ लहान – लहान शेवट – शेवट कंसबंद – कंसबंद महिरप – महिरप इति महिरप!"

बूथच्या काचा थरथरल्या. पलीकडून सर तेच तसंच म्हणाले, आणि त्यांच्या बोटांखालचे खटके ऐकू आले. बरोबर. पुढची ओळ. तीही बरोबर.

तिसऱ्या ओळीपर्यंत बाहेर माणसं गोळा झाली होती. दूधवाला सायकल भिंतीला टेकवून उभा.

"का गुरू, ई कउन जाप हौ?"

"कौनो जजमान परदेस में बीमार हौ," मुन्नाजींनी पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं. "फोनवे पर अनुष्ठान होत हौ."

"फोन पर लग जाला?"

"गुरुजी के आवाज सुनत हउआ न? लगी कइसे नाहीं!"

चौदाव्या ओळीवर फोन कटला. मुन्नाजींनी पुन्हा लावला; पाचव्यांदा लागला.

"कुठवर आलं होतं?" मी ओरडले.

"'पान अधिक'पर्यंत!" सर ओरडले.

नानांनी डोळेही न उघडता 'पान अधिक'च्या पुढची जोडी उचलली. मी कागदावर बोट ठेवून ती जागा शोधत होते, तोवर ते ओळ संपवून पुढे गेले होते.

बावीस झाल्या. आता उलट तपासणी. सुलभाताई पडद्यावरचं वाचणार, नाना ऐकणार. ताईंचा आवाज भीत भीत आला. सतराव्या ओळीवर नानांनी हात वर केला, जणू त्या समोर बसल्या होत्या. "थांबा, बाई. कंसबंद दोनदा हवा. एकदाच आला."

"अगंबाई, हो," ताई म्हणाल्या.

मी कागद बघितला. दोनदाच होता. नानांना तो कंस तिथे कशाला, ते कधीच सांगता आलं नसतं.

मग सरांनी कोड कंपायलरला दिला. हीच ती उघड्या कोडाची गंमत: बंद डब्यातला प्रोग्रॅम असता, तर कितीही चांगला आवाज लावला असता तरी तो वऱ्हाडात दुरुस्त झाला नसता. फोनवर नुसता पापड भाजल्याचा आवाज. बाहेरची गर्दीही गप्प झाली. आता देव काय म्हणतो बघू, असे चेहरे. मग ताई म्हणाल्या, "काही तक्रार नाही केली मशीननं." मग लांबून ठोकण्याचा आवाज, टकटकटकटक, पानभर. मग शांतता. सर कागदावरून हात फिरवत असणार.

"आहे," सर म्हणाले. "पंचविसावी आहे, म्याडम. चौथा प्रश्न आहे."

"काय झालं?" नानांनी मला विचारलं.

"पोचलं," मी म्हटलं.

नाना बूथमधून बाहेर आले. दूधवाल्यानं वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "गुरुजी, हमरी भैंस बदे भी कुछ फोन पर होई?" नाना इतके हसले, की त्यांना पायरीवर बसवावं लागलं. पाठशाळा मिटल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढे तबकडी सरळ झाल्यावर मी ते ठिगळ नेटवर ठेवलं आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत नानांचं नाव घातलं. ते ठिगळ फोनवरून कसं पोचवलं, ते दोन ओळींत लिहिलं. ब्राझीलच्या दंतवैद्यानं विचारलं, "यासाठी कोणता प्रोटोकॉल वापरलात?" प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांची निरोप पोचवायची ठरलेली रीत. मी उत्तरात लिहिलं, "फार जुना. कुणाच्या मालकीचा नाही." हे लिहिताना हात अडखळला. आमच्या घरात तो उघडा नव्हता, निदान माझ्यासाठी नव्हता. त्या रविवारनंतर नाना सकाळी म्हणायला बसले की स्वयंपाकघराकडचं दार उघडं ठेवायचे. मी त्यांच्याकडे कधी संथा मागितली नाही, आणि त्यांनी कधी आपण होऊन देऊ केली नाही. मागितलं तर द्यावं, असं ते म्हणाले होते. मी मागितलं नाही. नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ही रुखरुख राहिली.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. नाना रोज विचारायचे, "त्या पोरीचं काय झालं?" मी म्हणायची, "लिहिला असेल पेपर." तीन आठवड्यांनी टपालानं एक जाड कागद आला, ठिपक्यांनी भरलेला. मशीननं काढलेला, म्हणजे माझ्या प्रोग्रॅममधून. मला ब्रेल बोटांनी येत नाही, डोळ्यांनी येतं, तेही कागद उजेडाकडे तिरपा धरून. मी ओसरीवर बसून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले. नाना समोर.

"म्याडमले अन् आजोबाले नमस्कार. मी पास झाली. सगळे प्रश्न मी माझे माझे वाचले."

नानांनी मांडीवर थाप मारली. "पुढं?"

"पेपर लय लांब होता. आधीचा बरा होता, लवकर संपला. आता मले कोणी खोटारडी म्हणत नाही. सर म्हणतात, तुम्हाले चिठ्ठी लिही."

"वा! पुढं?"

"आज वांग्याची भाजी होती. काल पण वांग्याची होती. संगीताचे दोन दात पडले. शाळेत एक बकरी येते. तिचं नाव नाही. ती बाईची चप्पल खाते. परवा पण वांग्याचीच होती."

"बकरी कशाला मध्येच?" नाना म्हणाले. "एवढं छान लिहीत होती. आता पुरे झालं की."

मलाही कळेना. बकरीनंतर विहिरीला पाणी किती, मग मशीनचा आवाज कसा येतो, मग पुन्हा वांगी. शेवटाकडे एक ओळ आली: "अजून दोन ओळी राहिल्या." मी वाचायची थांबले आणि वरून ओळी मोजायला लागले. ही तेविसावी होती. चोविसाव्या ओळीवर लिहिलं होतं, "आता झालं."

आणि पंचविसाव्या ओळीवर, कागदाच्या अगदी काठाशी, एकच शब्द होता. चंदा.